डोळ्याच्या कडेची पाखरं

आत्याला जे बघायचं असतं, त्याच्याकडे ती बघत नाही. बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, माशांचा एक क्रेट पालथा घातलेला आहे आणि त्यावर जुन्या सोफ्याची गादी कापून दोरीने बांधलेली आहे. ती तिची जागा. तिथे ती गुडघ्यांवर हात ठेवून बसते, मान जराशी उजवीकडे वळवते आणि रिकाम्या पाण्याकडे पाहत राहते. पाखरं डावीकडे असतात. नव्या माणसाला वाटतं, म्हातारी तंद्रीत आहे. तसं ते अगदीच खोटंही नाही.

पाखरं बघणं हे तिचं काम. मासे पाण्याखाली असतात, ते कुणाला दिसत नाहीत. पाखरं वर असतात. बोटीवर मासे दाखवणारं यंत्र आहे, पण त्याला बोटीच्या पोटाखालचंच कळतं. एवढ्या पसरलेल्या पाण्यात बोट न्यायची कुठे, हे ते सांगत नाही. ते कुणीतरी नाळेवर बसून सांगावं लागतं, आणि या बोटीवर ते आत्या सांगते.

तरुणपणी ती बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होती. भावाने एकदा हौस म्हणून तिला बोटीवर नेलं. सगळे जाळ्याच्या तयारीत असताना ती म्हणाली, "दादा, ती तिकडची पाखरं नुसती उडतायत, आणि ही इकडची खाली मान घालून उडतायत." भाऊ हसला, पण त्याने बोट इकडे वळवली. कारखान्यात ती पुन्हा गेली नाही. भाऊ वारला, त्याच्या जागी त्याचा मुलगा आला. बोट चालवतो तो तांडेल. आता भाचा तांडेल झाला आणि तो आत्या म्हणतो म्हणून सगळं बंदर तिला आत्या म्हणू लागलं. वायरलेसवर मात्र इतर बोटी तिला 'तांडेलाची दुर्बीण' म्हणतात. यात कौतुक किती आणि जळफळाट किती, ते त्या दिवशीच्या मासळीवर ठरतं.

तिच्याकडून ऐकलं तर समुद्र एखाद्या जिन्यासारखा वाटतो. तळाचं गार पाणी वर येतं तेव्हा समुद्र हिरवट होतो. त्या हिरव्यात डोळ्यालाही न दिसणारे जीव वाढतात, ते खायला तारली ही छोटी मासळी येते. तारलीच्या मागे कुपा लागतो, हा जाडजूड, गोळीसारखा मासा. कुपा खालून ढकलतो, तारली वर पळते, वर येऊन पाणी उकळल्यासारखं करते, आणि वरून सुरय कोसळतात. सुरय म्हणजे पांढरं, काटकुळं, कात्रीच्या शेपटीचं पाखरू. तो हातभरच बुडतो. म्हणून तारली हातभर पाण्यात असेल तरच तो जगतो. पाणकावळा काळा, जड, पंख भिजणारा. तो पार खोल जातो. "सुरय गरीब," आत्या म्हणते. "त्याला वरचंच खाता येतं. वरचं संपलं की तो पहिला उपाशी."

पाखरू चोच समोर ठेवून, पाण्याला लागून, सरळ जात असेल तर त्याला ठाऊक आहे. उंचावरून वळणं घेत असेल तर ते अजून शोधतंय. संध्याकाळी जड अंगाने घरट्यांच्या खडकाकडे परतत असेल तर ते जिकडून आलं तिकडे जावं. हे सगळं ती एका दमात सांगत नाही. विचारलं तर म्हणते, "दिसतं ते."

दोन वर्षांपूर्वी ते दिसेनासं होऊ लागलं.

आधी सुईत दोरा जाईना. मग माणसांचे चेहरे मधूनच पुसल्यासारखे झाले: कान दिसायचे, केस दिसायचे, नाक गायब. भावजय तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. दोघींना मोतीबिंदूची खात्री होती. मोतीबिंदू काढता येतो. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं आणि सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. इंजेक्शनांनी झीज थोपवता येईल, गेलेलं परत येणार नाही. "कडा मात्र चांगल्या आहेत तुमच्या," त्या म्हणाल्या. "कडेचं तुम्हाला शेवटपर्यंत दिसेल."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर भावजय म्हणाली, "ऐकलंत ना वन्सं? कडेचं दिसेल. म्हणजे मी दिसणार. मी कायम कडेलाच."

ही भावजय म्हणजे तांडेलाची आई. आत्या तिला वहिनी म्हणते, ती आत्याला वन्सं म्हणते आणि 'तुम्ही' म्हणते. एवढ्या आदराने टोमणे मारणारी बाई बंदरात दुसरी नाही. दोघी एका छपराखाली म्हाताऱ्या झाल्या. घर बंदरामागच्या चढावर आहे: खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर तांडेलाची खोली, मागे तीन-चार पायऱ्या आणि त्यांच्यापुढे थेट समुद्र. दवाखान्यातून मिळालेला, नजर तपासायचा चौकटींचा कागद वहिनीने पिठाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. रोज चहा उकळेपर्यंत आत्या एक डोळा झाकून त्या कागदापुढे उभी राहायची. रेघा मध्यभागी वाकायच्या, पाण्यात काठी दिसते तशा.

"आज?"

"कालच्यासारखंच."

"म्हणजे वाईटच. पोराला सांगा आता."

"सांगितलं तर तो मला घरी बसवेल."

"बसा की. मी बसतेच आहे जन्मभर."

"तुला जमतं, वहिनी."

"हो, मला काय कळतंय!" असं म्हणून वहिनी चहा गाळायची, आणि मुलाला काही सांगायची नाही.

आत्याने मग कडेने बघायला शिकून घेतलं. हे सोपं नाही. डोळा हट्टी असतो, जे आवडतं तिकडे धावतो. आणि तो धावला की ते नाहीसं होतं. पाखरू दिसलं, नीट बघायला गेली, तर पाखराच्या जागी राखाडी ठिपका. म्हणून तिने डोळ्याला रिकाम्या पाण्यावर बांधून ठेवलं आणि पाखरांना कडेकडेने येऊ दिलं. कडेला रंग फिके, आकार पुसट, पण हालचाल मात्र लख्ख कळते. सकाळच्या धुरकट उजेडात, बोट संथ डुलत असताना, तिच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या लहरी यायच्या आणि जायच्या, झोप लागता लागता दिसतं तसं. यातली कुठली लहर सुरय, कुठली फेस आणि कुठली नुसती तिची आठवण, हे तिला थोडं ऐकून, थोडं अंदाजाने ठरवावं लागे. सुरय दिसेनासे झाले तर त्यांचा चिरकट आवाज असायचा. वारा बदलला की तारलीचा तेलकट वास यायचा. वर्षभर हे निभावलं.

मग ते कोमट वर्ष आलं.

त्या मोसमात वारा पडला. खालचं गार पाणी वर आलंच नाही. समुद्र हिरवा व्हायच्या ऐवजी निळाशार झाला, काचेसारखा, बघायला फार सुंदर. बंदरावरच्या कुणालाच तो आवडेना. वरचं पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं झालं आणि तारली खाली गारव्याला गेली. सुरयांच्या हातभर बुडण्याच्या पलीकडे. बंदरासमोर एक मोठा खडक आहे, पाखरांच्या विष्ठेने पांढरा झालेला. सुरयांची पिल्लं त्याच्या एका अंगाला असतात, पाणकावळ्यांची दुसऱ्या. त्या वर्षी सुरय पहाटे जायचे ते दुपार कलल्यावर परतायचे, आणि चोचीत तारली नसायची. काडीसारखा लांब, हाडकुळा मासा असायचा. पिल्लांना तो गिळता येत नसे. भरतीबरोबर तसे मासे धक्क्यापर्यंत वाहून येत. वहिनीने एक उचलून पाहिला आणि म्हणाली, "हे कसलं खाणं! शिवणाची सुई बरी."

बोटी लांब लांब जाऊ लागल्या. जो तो दुसऱ्याच्या मागे आणि सगळे मिळून कुणाच्याच मागे नाही. तांडेल बोलायचा कमी झाला. इंजिनवाला, जो एरवी इंजिनाच्या आवाजावरही विनोद करतो, तो एवढंच म्हणाला, "आत्या, आता तुमच्यावर आहे बघा. यंत्राला तर तळाची वाळू सोडून काही दिसत नाही."

असं कुणी म्हणायला नको होतं. कारण त्यानंतर तिला पाखरं हवीच होती. आणि हवी असलेली गोष्ट डोळ्याच्या कडेला फार लवकर दिसते.

त्या सकाळी पाण्यावर विरळ धुकं होतं. समुद्र आणि आकाश यांच्यातली रेघ पुसून गेली होती, बोट कशातच नसल्यासारखी पुढे सरकत होती. आत्याने मान वळवली, डोळा कोऱ्या पाण्यावर ठेवला. बराच वेळ काही नव्हतं. मग डाव्या कडेला पांढरं हललं. पुन्हा हललं. मग उजव्या कडेलाही. थवा. मोठा थवा, कितीतरी महिन्यांत न दिसलेला. आवाजही आला, पण तो सुरयांचा चिरकट आवाज नव्हता. कुरवांचं, त्या धिप्पाड, मिळेल ते खाणाऱ्या पाखरांचं भांडण होतं, खालच्या पट्टीतलं, हावरट. तिला तो कळला. तिने तो ऐकला नाही असं केलं.

"पाखरं," तिने हात वर केला. "सरळ पुढे. जाऊ दे."

तांडेल चालकाच्या खोलीत यंत्रावर डोळे लावून होता. तिचा हात वर झाला की तो नजर न उचलता बोट तिकडे नेत असे; बापाकडून शिकलेली सवय. पाखरं पुढे जात होती, बोट त्यांच्यामागे. आत्याला वाटलं, तारली पळतेय. थवा फुटत नव्हता, विखरून पुन्हा जमत नव्हता, एका चालीने एका दिशेला सरकत होता. नाळेवर पहिल्या दिवशी बसणाऱ्यालाही सांगतात: मासळीवरचा थवा फुटतो आणि जुळतो, एका चालीने सरळ जाणारा थवा कशाच्या तरी मागे असतो, आणि ते काहीतरी म्हणजे जहाज. तिनेच हे तांडेलाला शिकवलं होतं, तो गुडघ्याएवढा असताना.

इंजिनवाल्याने खालून डोकं वर काढलं आणि तो ओरडला, "तांडेल! जहाज! जहाज!"

तांडेलाने सुकाणू फिरवलं. बोट कलली, क्रेटवरची गादी सरकली, आत्याने कठडा धरला. तिच्या अंगावर सावली आली आणि गेली. मग तिने मान वळवली आणि कडेने तिला ते दिसलं: इमारतीएवढं राखाडी जहाज, मासे पकडून पोटातच साफ करणारं, मागच्या भोकातून आतडी आणि डोकी टाकत चाललेलं. मागे फेसात कुरव बसून भांडत होते. त्यांना मासे शोधायचेच नव्हते. त्यांना वाढून मिळत होतं.

पाखरं तिला दिसली होती, कारण पाखरं दोन्ही कडांना होती. जहाज बरोबर मध्ये होतं.

तांडेल नाळेवर आला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने हलक्या आवाजात विचारलं, "आत्या, तुला जहाज दिसलं नाही?"

"धुकं होतं."

"एवढं नव्हतं." तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "माझ्याकडे बघ."

ती त्याच्या कानाच्या पलीकडे बघू लागली.

"माझ्याकडे, आत्या."

"तुझ्याकडेच बघतेय," ती म्हणाली.

परतताना वायरलेसवर कुणीतरी विचारलं, "काय रे, आज दुर्बिणीला वाफ धरली का?" दुसऱ्या बोटीवरून हसणं आलं. इंजिनवाल्याने जाऊन वायरलेस बंद केला. धक्क्याला लागल्यावर तांडेलाने आत्याला हात दिला, गादी क्रेटवर नीट बसवली आणि म्हणाला, "उद्यापासून आराम कर."

बंदरात आराम हा शब्द वाळूवर ओढून ठेवलेल्या बोटींसाठी वापरतात. त्यांच्या फळ्या मग हळूहळू लोक चुलीला नेतात.

घरी त्याने आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

वहिनी भांडी पुसत होती. "माहीत होतं."

"आई, आज सगळे बुडालो असतो. मी, ती, सगळे."

"मग आता ओरड माझ्यावर. त्यांच्यावर ओरडायचं नाही, त्या वडील आहेत."

"तू तिच्यापेक्षा मोठी आहेस."

"मी वयाने मोठी. त्या नात्याने."

तो ओरडला नाही. पिठाच्या कपाटाचं दार उघडं होतं; चौकटींचा कागद त्याने पहिल्यांदाच पाहिला. दोन वर्षं तो रोज त्याच ओट्यापाशी चहा पीत आला होता.

पुढचे दिवस आत्या मागच्या पायरीवर बसून राहिली. बोट जायची, तिचा आवाज तिला इंजिनाच्या ठोक्यावरून ओळखू यायचा, मग तो पातळ होत विरघळायचा. समोर निळा समुद्र. तिने डोळा त्याच्यावर ठेवला की मध्ये राखाडी डाग, आणि डागाभोवती सगळं जग एका कंकणासारखं: कडेला शेजारणीचे वाळत घातलेले कपडे, कडेला खडकाची पांढरी बाजू, कडेला तिचंच गुडघ्यावरचं बोट. दुपारी ऊन आणि पाणी एक व्हायचं आणि तिला वाटायचं आपण बोटीवरच आहोत, घर हळूहळू डुलतंय. एकदा तिने हातही वर केला. खिडकीतून वहिनीने तो पाहिला.

बोट रोज रिकामी किंवा रिकाम्यासारखी येत होती. तांडेलाने नाळेवर एका खलाशाला बसवलं होतं. त्याचे डोळे उत्तम होते. त्याला सगळी पाखरं दिसायची आणि प्रत्येक पाखराला तो हात वर करायचा.

शेवटी वहिनीचाच धीर सुटला. "वन्सं, एक सांगू? तुम्ही घरात असलात की मला ओटा पुरत नाही. मीठ शोधताना तुम्ही साखरेला हात लावता, साखर शोधताना मला."

"मग कुठे जाऊ?"

"तेच विचारतेय मी, कुठे जायचंय?"

आत्याची मान समुद्राकडे वळली. वहिनीने फडकं पिळून ठेवलं आणि डोक्याला रुमाल बांधला.

तांडेल आणि इंजिनवाला धक्क्यावर जाळं बघत बसले होते. वहिनी समोर जाऊन उभी राहिली. "उद्या मी येते बोटीवर. त्यांच्याशेजारी बसते. मधलं मी बघेन, कडेचं त्या बघतील."

तांडेलाने तोंडातली दोरी काढली. "आई, तुला झोपाळ्यावर बसून मळमळतं."

"मळमळू दे. माझं पोट, माझं मी बघेन."

"आणि तुला पाखरांतलं काय कळतं?"

"काही नाही. त्या विचारतील ते सांगेन. जहाज आलं तर तेही सांगेन. जहाज ओळखता येतं मला, तुझ्या बापाने लग्नाआधी दाखवलं होतं."

इंजिनवाला जाळ्यात तोंड घालून हसला. तांडेल हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ती सावली अजून होती. "एक फेरी," तो म्हणाला. "आणि समोरचं तू बघायचंस. डुलकी लागली तर दोघींना परत आणून सोडीन."

"तुझ्या बोटीवर झोप कुणाला लागणार?" वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नाळेवर दोन क्रेट होते. वहिनीच्या क्रेटवर गादी नव्हती. तिने उशी आणली होती, एक बादली आणि सुकं आलं. पाणी शांत होतं, हवेत पुन्हा तेच विरळ धुकं. बंदराचं तोंड ओलांडायच्या आतच तिने बादलीचा उपयोग केला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "झालं. आता विचारा."

"खडकाजवळ काय आहे?"

"पाखरं."

"कसली?"

"काळी."

"उडतायत?"

"नाही. पाण्यावर बसलीयत. गर्दी आहे, सगळी दाटीवाटीने. चादर अंथरल्यासारखी."

आत्याने मान वळवली. कडेला तिला एक काळसर पट्टा जाणवला, हलत होता, पण कसा ते कळेना. सुरय सकाळीच लांब निघून गेले होते. त्यांच्यामागे जाण्यात अर्थ नव्हता, ते स्वतःच भटकत होते. पण पाणकावळे खोल जातात, आणि त्यांना गारव्याला गेलेली तारली मिळत असणार. निघण्याआधी ते खडकापाशी असे पाण्यावर जमतात. ज्या दिशेने पोट भरून आलेले पाणकावळे परततात, त्या दिशेला हा जमाव हळूहळू लांबतो, चादरीचं टोक ओढावं तसा. मग त्या टोकाकडून एकेक उठून निघतो. हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. आता कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

"वहिनी, ती चादर लांब कुठल्या बाजूला आहे?"

"चादर चादरीसारखी आहे."

"नीट बघ. टोक कुठे आहे?"

"थांबा." बादली. मग: "तिकडे, लाल पिंप तरंगतंय ना, त्याच्या डाव्या अंगाला. टोकाकडची उडतायत. एकेक करून."

"चोची कुठे?"

"चोची कुठे असणार, तोंडाला!"

"वहिनी!"

"बरं बरं. सगळ्यांची तोंडं पिंपाकडे."

आत्याने हात वर केला. तांडेलाने या वेळी नजर उचलली, आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. बोट वळली.

पाणी तासन्‌तास एकसारखं होतं. वहिनी बोलत राहिली: शेजारीण कपडे कशी पिळत नाही, कपाटाचं दार कसं वाजतं, समुद्रात बघण्यासारखं काही नसताना माणसं त्यात जन्म कसा काढतात. मध्येच ती ओरडली, "जहाज! वन्सं, जहाज आहे हो, सांगून ठेवते!" जहाज क्षितिजापाशी होतं, काडेपेटीएवढं. खालून इंजिनवाला म्हणाला, "मावशी, त्याला इथे पोहोचायला जेवणाची वेळ होईल." "होऊ दे," वहिनी म्हणाली. "मी आत्ताच सांगितलंय."

नंतर ती एकाएकी गप्प झाली. आत्याने विचारलं, "काय झालं?"

"पाण्यावर रेघ आहे."

"कसली?"

"फेसाची. वाकडीतिकडी, लांबच लांब. काटक्या, शेवाळ, सगळा कचरा तिच्यावर येऊन थांबलाय. अलीकडे निळं आहे. पलीकडे..." ती शब्द शोधत राहिली. "पलीकडे गढूळ. हिरवट. विहिरीसारखं."

आत्याच्या अंगावर थंड हवा आली, किंवा तिला तसं वाटलं. दोन पाणी भेटतात तिथे गार पाणी एका बाजूने वर सरकतं. असं भेटणं त्या मोसमात बंदराजवळ कुठे झालंच नव्हतं, ते इथे दूर येऊन झालं होतं. तिने डोळा निळ्यावर ठेवला. हिरव्याच्या कडेला काळं बुडालं. वर आलं. पुन्हा बुडालं. त्याच्यावर पांढरं थरथरलं आणि चिरकट आवाज आला, नक्की तोच, तिने मनाने घातलेला नव्हे.

तरी तिने विचारलं, "वहिनी, मध्ये काय आहे?"

"मध्ये काही नाही. पाणी आहे. पाखरं आहेत."

"नक्की?"

"वन्सं, मी खोटं कधी बोलले तुमच्याशी? चांगलं बोलले नसेन."

"जाळं," आत्या म्हणाली.

त्या दिवशी मासळी मिळाली. फार नाही, बंदरावर कुणी टाळ्या वाजवाव्यात अशी नाही. पण क्रेट ओले झाले, आणि यंत्राने वाळू सोडून काहीतरी दाखवलं. वायरलेसवर कुणीतरी जागा विचारली, तेव्हा इंजिनवाल्याने सांगितलं, "दुर्बिणीला दुसरी काच बसवलीय." तांडेलाने एक फेरी म्हटलं होतं. ते नंतर कुणी काढलं नाही. त्याने फक्त दुसऱ्या क्रेटसाठी गादी शोधून आणली.

आत्याची जागा राहिली. पण ती पूर्वीची जागा नाही. नाळेवर ती इतकी वर्षं गेली ती काही केवळ पाखरांसाठी नव्हे. तिथे तिच्याशी कुणी बोलत नसे. आता तिथे दिवसभर बोलणं असतं, आल्याचा वास असतो, बादली असते. पाखरं तिच्यापर्यंत दुसऱ्याच्या शब्दांतून येतात: पांढरी, काळी, दाटीवाटीने, विहिरीसारखं. कधी कधी वहिनीच्या शब्दांतून ती अशी पाखरं बघते, जी चांगल्या डोळ्यांनीही तिने कधी पाहिली नव्हती. याबद्दल ती तक्रार करत नाही आणि आभारही मानत नाही.

मोसमाच्या शेवटी, एका परतीच्या संध्याकाळी, पाणकावळे जड अंगाने खडकाकडे चालले होते. वहिनी बोलून दमली होती. आत्याने तिच्याकडे पाहिलं. कान, रुमाल, हनुवटीचा थोडा भाग, मध्ये राखाडी. मग तिने नजर उचलून दूर पाण्यावर ठेवली, आणि कडेने तो चेहरा हळूहळू आला.

"आता दिसलीस," ती म्हणाली. "कितीतरी दिवसांनी."

"कशी दिसतेय?"

"म्हातारी झालीस, वहिनी."

"मग बरं दिसतंय तुम्हाला," वहिनी म्हणाली, आणि समोर बघू लागली, कारण समोरचं तिला बघायचं होतं.